चाक वळलं होतं

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात हवा नाही, सिमेंट आहे. त्या सिमेंटमध्ये एक लाकडी खांब रोवला आहे आणि खांबावर टपालपेट्या आहेत. रंताला गावाच्या टेकडीवरून उतरणारा रस्ता जिथे डावीकडे वळून अमेरिकेच्या उत्तर टोकावरच्या सुपीरियर सरोवराकडे जातो, त्या वळणाच्या बाहेरच्या कडेला मी आडवा पडलेला असतो. लोक येतात, पेट्या उघडतात, पत्रे घेऊन जातात. माझ्याकडे लक्ष जाते ते बहुतेक कुत्र्यांचेच, आणि तेही गेले नसते तर बरे झाले असते.

पण मी रडगाणे गायला बसलेलो नाही. जी गोष्ट मला माहीत होती आणि सांगता आली नाही, ती सांगायला बसलो आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे बाहेर ऊन आणि आत भट्टी. रबरात काय काय मिसळून मला साच्यात घातले आणि वाफेवर शिजवून काढले. आमच्या जातीचे रबर मुद्दाम उन्हाळ्यासाठी बनवतात. तापलेल्या डांबराला घट्ट चिकटून राहायचे, हेच आमचे शिक्षण. थंडीत काय करायचे ते आम्हाला कोणी शिकवले नाही, कारण थंडीत आम्ही रस्त्यावर असायचेच नसते. आम्ही चार भावंडे एकाच दिवशी जन्मलो आणि उत्तरेला येऊन एका हिरव्या, दोन आसनी, जमिनीला टेकेल की काय अशा बुटक्या गाडीला लागलो. मी पुढचा उजवा.

ती गाडी मार्लिस कांगास या बाईची. मार्लिस शाळेत मुलांना बँड शिकवते. नवऱ्यापासून वेगळी झाली आणि त्याच वसंतात तिने ही गाडी घेतली. आमच्या गावात सगळ्यांकडे ट्रक. त्यामुळे लोकांच्या जिभेला आयतेच काम मिळाले. "मार्लिसला एकदम सोळावं लागलं," असे चर्चमधल्या कॉफीच्या वेळी म्हटले गेले. तिने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी गाडीचे छत उघडून चर्चवरून दोन चकरा मारल्या.

त्या उन्हाळ्यात मी खरा जगलो, मित्रांनो. सरोवराच्या काठाकाठाने रस्ता जातो, एकामागून एक वळणे. मार्लिस स्टिअरिंगचे चक्र जरासे फिरवायची आणि मी डांबराला अशी पकड घ्यायचो की गाडी रुळावरून गेल्यासारखी जायची. शेजारच्या आसनावर तिचे वडील आर्वो बसायचे. त्यांची नजर अधू झाली होती. मधले काही दिसायचे नाही, कडेकडेचे तेवढे दिसायचे. परवाना गेला होता. पण वळण आले की ते डोळे मिटून म्हणायचे, "डावं. आता उजवं. मला खुर्चीतून कळतंय सगळं." घरी पोचले की उतरून आम्हा चौघांवरून हात फिरवायचे. "काय पकड आहे लेकाच्यांची!" अशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

आर्वोंचे अख्खे आयुष्य रस्त्यावरचा बर्फ हटवायची मोठी गाडी चालवण्यात गेले होते. बर्फ कधी पडेल, कसा पडेल, कुठे साचेल, हे लोक त्यांना विचारायचे. बायको गेल्यावर ते टेकडीवरच्या घरात एकटे राहायचे. मागे त्यांनी स्वतः बांधलेला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, होती. ते घर सोडायचे त्यांच्या जिवावर यायचे. मार्लिस खाली गावात राहायची आणि रोज शाळा सुटल्यावर वर यायची. जेवण, औषधे, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळे तिच्याच हातून. बापलेकींमध्ये एक करार होता. हिवाळ्यात मार्लिसला वर येणे जमेनासे झाले, तर आर्वोंनी गावातल्या वृद्धाश्रमात राहायला जायचे. आर्वोंनी हो म्हटले होते, कारण मार्लिसकडे तिचा जुना ट्रक होता आणि तो कुठेही चढायचा.

त्या शरद ऋतूत ट्रकचा तळ गंजून गळून पडला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ट्रक खाल्ला. उरली हिरवी गाडी. आता त्या टेकडीवर आर्वो राहणार की नाही, हे आम्हा टायरांवर येऊन ठेपले.

मार्लिस आणि आर्वो बर्फाचे टायर घ्यायला लायलच्या दुकानात गेले. लायल गावातला टायरवाला. अखंड बडबडणारा माणूस, त्यामुळे तो खरे बोलतो तेव्हाही ते विक्रीचे बोलणे वाटते.

"मागचे दोन दे," आर्वो म्हणाले.

"चार, आर्वोकाका. दोन मी बसवत नाही. दुकानाचा नियम आहे."

"नियम कसला, धंदा आहे तुझा! तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी या टेकडीवर दोनावर चढतोय. मागे दोन बर्फाचे टायर, वर वजनाला वाळूची पोती. झालं."

"तो तुमचा ट्रक होता हो. ही गाडी बघा, आणि हे तिचे पुढचे टायर बघा. उन्हाळी आहेत. थंडीत यांचं लाकूड होतं."

"बर्फ पडू दे, मग बघू लाकूड की लोखंड."

"बर्फाचा काय संबंध? नुसत्या थंडीनं होतं. बर्फ नसला तरी."

"ऐकलंस, मार्लिस? बर्फ नसला तरी बर्फाचे टायर घ्या म्हणतोय."

"बाबा, घेऊ या ना चार," मार्लिस हळूच म्हणाली.

"अगं, पुढची चाकं गाडीला ढकलतात का? ती नुसती दिशा दाखवतात. दिशा दाखवायला काय जोर लागतो?"

हे ऐकून मला काय वाटले असेल, मित्रांनो! थांबताना गाडीचे सगळे ओझे पुढे येते, ते कोण पेलतो? वळताना कोण चावा घेतो? पण दुकानाबाहेर उभ्या टायराला कोण विचारतो.

मार्लिसला पटले नव्हते. मला बाहेरून तिचा चेहरा दिसत होता असे नाही, पण तिची चाल मी ओळखतो. ती गाडीपर्यंत आली, थांबली, परत गेली. म्हाताऱ्याचा परवाना गेला होता, वाचन गेले होते, ताटातला मासा काट्यासकट खाल्ला जायचा. बर्फ आणि रस्ता या एकाच गोष्टीत लोक अजून त्यांचे ऐकायचे. तेही भर दुकानात काढून घ्यायचे तिच्या जिवावर आले. "दोनच द्या, लायल," ती म्हणाली. लायलने रिमवर चढवलेले दोन टायर डिकीत टाकले आणि बसवायला साफ नकार दिला.

मग आर्वोंनीच घरच्या शेडमध्ये जॅक लावून, नट चाचपून चाचपून ते बसवले. माझी मागची दोन भावंडे निघाली आणि भिंतीला टेकून बसली. त्यांच्या जागी आले ते मऊ अंगाचे, दाट बारीक चिरा पाडलेले हिवाळी टायर. पुढे मी आणि माझा डावा भाऊ तसेच राहिलो.

नोव्हेंबर कोरडा गेला. आमच्या गावात हिवाळा बर्फाने मोजतात. कुठल्या वर्षी किती बर्फ पडला ते लोकांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ असते. बर्फ नाही म्हणजे हिवाळा नाही. रस्ता करडा, स्वच्छ, सुका. आणि रोज सकाळी मी जागा व्हायचो तो अंग आखडून. डांबराला चिकटायला जावे तर अंगात मऊपणाच नाही. रात्रभर बाहेर राहून गोठलेल्या कातड्याच्या चपलेसारखी माझी गत. एकदा चौकातल्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी मार्लिसने ब्रेक दाबला तर गाडीचे नाक रेषेच्या पुढे गेले.

"पानं पडली असतील रस्त्यावर," ती स्वतःशीच म्हणाली.

पाने नव्हती. मी होतो.

मग बर्फ आला, आणि गाडी टेकडी अशी चढली की काय सांगू! मागचे दोघे बर्फात नखे रोवल्यासारखे चढायचे. शेजारच्या सिल्विया ओलिला बाईंचा ट्रक एकदा अर्ध्यात अडकला आणि त्याच्या बाजूने ही बुटकी गाडी वर निघून गेली. आर्वो दारातच उभे होते.

"चढली की नाही? सांग लायलला!"

"चढली हो बाबा," मार्लिस हसून म्हणाली.

"सिल्विया कुठाय?"

"खाली आहे. शिव्या देतेय."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. रोज हेच. चढली की नाही? चढली. सगळे कौतुक मागच्यांचे, आणि मला त्याचा हेवा वाटत नव्हता, मित्रांनो, मला भीती वाटत होती. चढवणे त्यांचे काम होते. उतरणे आणि वळणे आमचे, आणि ते आम्हाला जमत नव्हते. वर चढल्याचा आनंद एवढा मोठा होता की खाली उतरण्याचा विचार कोणी केला नाही.

नाताळच्या आधीचा रविवार. चर्चमध्ये कॉफीचा कार्यक्रम होता. आर्वोंच्या मांडीवर वेलदोडा घातलेल्या गोड पावाची टोपली होती. रस्त्यावरचा बर्फ दाबून दाबून काचेसारखा झाला होता. मार्लिस सावकाश उतरत होती, हे मी शपथेवर सांगतो. मी आता जिथे आहे ते हे वळण आले. तिने चक्र डावीकडे फिरवले.

मी वळलो, मित्रांनो. मी पुरता वळलो. पण माझ्या अंगात धरायला काही उरले नव्हते. मी आडवा होऊन नुसता घसरत राहिलो आणि मागचे दोघे, ज्यांची पकड चांगली होती, ते आम्हाला सरळ पुढे ढकलत राहिले. तिने आणखी फिरवले. गाडी सरळच गेली. टपालपेट्यांचा खांब मोडला, नाक चेपले आणि आम्ही बर्फाच्या ढिगात घुसलो. आर्वोंच्या कपाळाला खोक पडली. पाव सगळीकडे सांडले.

मार्लिस दार ढकलून खाली उतरली. मागून सिल्विया आपला ट्रक घेऊन आली.

"जोरात होतीस का गं?"

"नाही गं. हळू होते."

"मग वळवलं नाहीस?"

"वळवलं. वळवलं होतं वाटतं... मला आठवत नाही, सिल्विया. माझे हातच चालले नाहीत बहुतेक."

आर्वो रुमालाने कपाळ दाबून उतरले. टोपी कुठे पडली ते शोधत गाडीच्या अंगाअंगाने चाचपत येत होते. त्यांचा उघडा हात माझ्यावर पडला. ते थबकले. अंगठ्याने मला दाबले. पुन्हा दाबले, जोर लावून. मग गाडीला धरून मागे गेले, मागच्या टायराला दाबले. परत आले. माझ्या कडेवरून हात फिरवत मी कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते पाहिले. मी डावीकडे तोंड करून होतो, अगदी शेवटपर्यंत वळलेला. आणि आमची खूण बर्फात सरळ उमटली होती. आयुष्यभर बर्फातल्या खुणा वाचलेल्या माणसाला आणखी काय सांगायचे?

"काय चाचपतोयस, आर्वो? टोपी ही बघ इथं," सिल्विया म्हणाली.

"काही नाही," आर्वो म्हणाले. टोपी घातली आणि चाचपत सिल्वियाच्या ट्रककडे गेले.

खांब लागला त्याने मला दुखले नाही एवढे त्या दोन शब्दांनी दुखले.

सिल्वियाने ट्रकला साखळी बांधून गाडी वर ओढली आणि ती आर्वोंच्या शेडमध्ये जाऊन बसली. मार्लिसने किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. ती पुन्हा चालवणार नाही म्हणाली. चक्राला हात लावला की बाबांचे कपाळ दिसते म्हणाली. गावाने तर निकालच लावला होता. या वयात कसली ती गाडी, असे जो तो म्हणत होता. मार्लिस सिल्वियाच्या ट्रकमधून वर यायची, पण दुसऱ्याच्या चाकांवर किती दिवस चालणार? तिने वृद्धाश्रमात विचारणा केली. एक खोली रिकामी होत होती. आर्वोंनी करार मोडला नाही. "बरं," एवढेच म्हणाले.

पण ते रोज शेडमध्ये यायचे. पालथ्या बादलीवर माझ्यासमोर बसायचे आणि अंगठ्याने मला दाबत राहायचे. मला त्यांचा राग आला होता. एक वाक्य बोलायचे होते. पोरीला तिचे हात परत मिळाले असते. पण ते वाक्य बोलले की आर्वो कांगासला रस्त्यातले कळते, हे संपले असते. आणि जो दिवस गप्प गेला, तो दुसऱ्या दिवशीचे बोलणे आणखी अवघड करून गेला. मला हे कळत होते. तरी राग येत होता.

एके दिवशी त्यांनी लायलला फोन केला. लायल आणखी दोन हिवाळी टायर घेऊन आला, भिंतीला टेकवले, चेपलेले नाक पाहिले, पुढची चाके पाहिली. आता हा बोलणार, बोलतच सुटणार, असे मला वाटले. तो एवढेच म्हणाला, "हे पुढं लावायचे, काका. मागं नाही."

"हो रे बाबा, हो."

वृद्धाश्रमाची खोली बघायला जायच्या दिवशी सकाळी सिल्वियाच्या ट्रकमधून मार्लिस आली. आर्वोंची पिशवी भरलेली होती. ते म्हणाले, "आधी जरा शेडमध्ये चल."

"आत्ता? सिल्विया थांबलीय, बाबा."

"थांबू दे तिला. मोजे काढ हाताचे."

त्यांनी तिचा हात धरून माझ्यावर ठेवला. "दाब." तिने दाबले. मी दगड. मग तोच हात नव्या टायरावर नेला. "आता हा दाब." तिचे बोट आत गेले.

"चाक वळलं होतं, मार्लिस," आर्वो म्हणाले. "तू वळवलं होतंस. मी त्याच दिवशी हात लावून पाहिलं. तुझे हात बरोबर होते. माझं चुकलं."

तिने हात मागे घेतला. मला वाटले आता रडेल. ती रडली नाही, ती भडकली.

"त्याच दिवशी? आणि इतके दिवस मला... मी रात्र रात्र माझे हात बघत बसायचे, बाबा! मुलांसमोर बँडची काठी धरली की ताल चुकायचा! आणि तुम्ही इथं बादलीवर बसून टायर दाबत होता?"

"हो."

"हो काय, हो!"

तिने जॅक ओढला. आर्वोंनी पाना पुढे केला, तो तिने त्यांच्याकडे न बघता घेतला. नट काढले आणि मला असे ओढून फेकले की मी गोठलेल्या फरशीवर आपटलो. अंगात काहीतरी करकन तुटले. त्याचे मला वाईट वाटले नाही. इतक्या दिवसांनी कोणीतरी योग्य गोष्ट करत होते. नवे दोघे पुढे लागले. तिने किल्ली आणली, गाडी सुरू केली आणि बापाला तिथेच ठेवून एकटी निघाली.

"आर्वो, आत चल, गारठशील," सिल्विया म्हणाली.

"गप. ऐकू दे."

म्हातारा शेडच्या दारात उभा आणि मी फरशीवर पडलेला. दोघांनाही दिसत काही नव्हते. आवाज टेकडीवरून उतरत गेला, उतरत गेला, वळणाशी मंद झाला. माझ्या मनात मी डावीकडे वळत होतो. क्षणभर काही ऐकू आले नाही. मग इंजिनाने पुन्हा सूर धरला, आणि तो आवाज डावीकडून, सरोवराच्या बाजूने आला.

"वळली," आर्वो म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

त्या संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिल्विया जेवण घेऊन यायची आणि मुकाट्याने थेंब घालून जायची. पिशवी भरलेलीच होती. शनिवार आला. शनिवारी त्या घरात सौना तापतो. आर्वोंनी नेहमीसारखी लाकडे आत नेली, दोघांपुरती. अजून उजेड होता तोवर टेकडीवरून आवाज चढत आला.

मार्लिस उतरली. "सौना तापवलाय?"

"तापवलाय."

"त्या खोलीला मी नाही म्हणून कळवलंय. पण पुन्हा असं काही गिळून बसलात ना, तर मी स्वतः नेऊन सोडेन तुम्हाला. याच गाडीतून."

"बरं," म्हातारा म्हणाला.

वसंतात लायलने मला पाहिले. "हा गेला. चीर पडलीय," म्हणाला. मोडलेल्या टपालपेट्या आर्वोंना पुन्हा उभारायच्या होत्या. त्यांनी मला वळणावर नेऊन ठेवले, पोटात सिमेंट ओतले आणि खांब रोवला. ज्या वळणावर मला गाडी वळवता आली नाही, तिथेच मी कायमचा बसलो. सुरुवातीला मला ती शिक्षा वाटली.

मित्रांनो, एवढेच मागतो. ज्याला जे काम जमते त्यालाच ते द्या. थंडी पडली की आम्हा उन्हाळ्याच्या टायरांना उतरवा. बर्फाची वाट बघू नका, आणि दोघांना काढून दोघांना ठेवू नका. आम्हाला तोंड नाही. अंगठा मात्र तुम्हाला आहे, तो लावून बघा. आणि लावल्यावर जे कळेल ते त्याच दिवशी सांगा.

यंदाचा नोव्हेंबरही कोरडाच आहे. काल सकाळी हिरवी गाडी माझ्यापाशी थांबली. आर्वो दाराला धरून उतरले, चाचपत पेटी उघडली, पत्रे काढली. मग कमरेत वाकले आणि अंगठ्याने मला दाबले. शरद लागल्यापासून ते रोज दाबतात.

"मार्लिस," ते म्हणाले, "याचं लाकूड झालंय."

"अजून बर्फाचा कण नाही, बाबा," ती मुद्दाम म्हणाली.

"बर्फाचं काय घेऊन बसलीस! हा सांगतोय ना. चारही बदल. आजच."

म्हातारा गाडीत बसला. मार्लिसने चक्र फिरवले आणि ती दोघे हळूहळू, अगदी हळूहळू वळून लायलच्या दुकानाकडे गेली.